डेव्हऑप्सवाला नेमण्याआधी कंपनीत हे करून घ्या

कोल्हापुरात राजारामपुरीत नाहीतर शिरोली रोडला तुमची तीस-चाळीस माणसांची सॉफ्टवेअर कंपनी असेल आणि फाउंड्री, साखर कारखाने, दूध संस्था असले कस्टमर असतील तर हे वाचा. हल्ली लै ठिकाणी एकच होतंय, मालक पुण्यात एखादा सेमिनार करून येतात आणि दुसऱ्या दिवशी एचआरला सांगतात एक डेव्हऑप्स इंजिनिअर बघा. माणूस येतो, जेनकिन्स (कोड आपोआप तपासून सर्व्हरवर टाकणारं टूल) बसवतो, आणि आधी डेव्हलपर आणि सर्व्हरवाले असे दोन गट होते त्यात आता तिसरा गट तयार होतो. भांडणं तीच.

हे भांडण मिटवायलाच तर डेव्हऑप्स आलं, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणारे आणि ते सर्व्हरवर चालवणारे यांनी मिळून काम करायची पद्धत. २००९ मध्ये बेल्जियममधल्या गेंट गावात पॅट्रिक डेब्वा यांनी डेव्हऑप्सडेज नावाची परिषद भरवली तिथनं हे नाव पसरलं. मुद्दा साधा आहे, डेव्हलपरला शाबासकी मिळते नवीन काहीतरी दिलं म्हणून आणि सर्व्हरवाल्याला शाबासकी मिळते काही बंद पडलं नाही म्हणून, मग दोघं एकमेकांच्या आडवे येणारच, त्यात कुणाच्या स्वभावाचा दोष नाही.

सुरुवात टूलपासनं करू नका, एका बदलापासनं करा. समजा कारखान्यानं सांगितलं, वजनकाट्याच्या पावतीवर एक कॉलम वाढवा. तो फोन आल्यापासनं काट्यावरच्या स्क्रीनवर कॉलम दिसेपर्यंत काय काय झालं ते डेव्हलपर, टेस्टर, सपोर्टवाले, सर्व्हरवाले आणि मालक असे सगळे एकत्र बसून बोर्डवर लिहा. बहुतेक वेळा दिसतं असं की कोड अर्ध्या दिवसात झालेला असतो आणि बाकीचे दिवस नुसते वाट बघण्यात गेलेले असतात, साहेबांची परवानगी नाही, टेस्टर दुसऱ्या कामात, शनिवारी रात्री टाकू म्हणून ठेवलेलं, आणि सर्व्हरचा पासवर्ड ज्या एकट्याकडं तो जोतिबाच्या यात्रेला गेलेला. जिथं सगळ्यात जास्त थांबलंय तिथलं आधी सोडवा, बाकीचं राहू दे.

मग सगळं गिटमध्ये आणा, म्हणजे कुणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये. सगळं म्हणजे नुसता कोड नाही, सर्व्हरची सेटिंग, डेटाबेसच्या स्क्रिप्ट, रात्री आपोआप चालणाऱ्या जॉबची यादी, सगळंच. फक्त पासवर्ड तिथं टाकू नका, ते वेगळ्या सुरक्षित जागी पण दोघा-तिघांच्या हाताशी ठेवा.

पुढची पायरी म्हणजे हातानं फाइल कॉपी करणं बंद करा. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअर ट्रेडिंग कंपनी होती, २०१२ मध्ये त्यांनी आठ सर्व्हरवर नवीन कोड टाकला, त्यातला एक राहून गेला, १ ऑगस्टला बाजार उघडल्यावर त्या एका सर्व्हरवरचा जुना कोड चालू झाला आणि साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या आसपास बुडाले. आपले आकडे एवढे नसतील पण पद्धत तीच असते. बिल्ड (कोडपासनं चालणारा प्रोग्राम बनवणं), टेस्ट, सर्व्हरवर टाकणं आणि बिघडलं तर आधीच्या व्हर्जनवर परत येणं, हे सगळं स्क्रिप्टनं झालं पाहिजे. जेनकिन्स घ्या नाहीतर तसलंच काम करणारं गिटलॅब घ्या, काहीही चालतं. चार सर्व्हर असताना कुबरनेटिसचा, म्हणजे ढीगभर सर्व्हर एकत्र सांभाळायच्या अवघड टूलचा, नाद मात्र करू नका.

आता गळीत हंगामाचं. हंगाम चालू असताना काही हात लावायचा नाही असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो, आणि भीती खरीच आहे, काटा बंद पडला की ट्रॅक्टरची रांग रस्त्यावर येते, बिलाचा प्रोग्राम अडकला तर ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायचा कायदा आहे त्याची पंचाईत. पण त्यामुळं होतं काय, वर्षाचे सगळे बदल हंगामाच्या तोंडावर एकदम पडतात आणि कशामुळं बिघडलं हेच कळत नाही. त्यापेक्षा बदल छोटे करा, आधी एकाच काट्यावर चालू करा, आणि प्रत्येक नवीन गोष्टीला बंद करायचं बटण ठेवा.

ज्यानं लिहिलं त्यानंच चालवायचं हे ॲमेझॉनच्या वर्नर व्होगल्स यांनी २००६ मध्येच सांगितलंय. पण हे सांगून नुसती रात्रीची ड्युटी डेव्हलपरच्या गळ्यात मारू नका, पाळ्या लावा, रात्री उठला त्याला सकाळी उशिरा येऊ द्या, जादा पैसे द्या, आणि त्याला लॉग (सर्व्हरवर काय घडलं त्याच्या नोंदी) बघायची परवानगी पण द्या.

सगळ्यात अवघड काम मालकांचं आहे. काही बंद पडलं की पहिला प्रश्न येतो, कुणी केलं? हा प्रश्न जोपर्यंत आहे तोपर्यंत पोरं चुका लपवणार आणि तुम्हाला कस्टमरच्या फोनवरनं कळणार. दोन दिवसांत सगळे बसा, काय कधी घडलं ते मिनिटांसकट लिहा, आणि विचारा की एका माणसाच्या एका कमांडनं एवढं बिघडू कसं शकलं. निघालेली कामं पुढच्या आठवड्याच्या यादीत सगळ्यात वर टाका, नाहीतर ती मीटिंग म्हणजे नुसता चहा. आणि कुणी स्वतःहून चूक सांगितली तर त्याच्या इन्क्रिमेंटला हात लावायचा नाही, हे एकदा मोडलं की संपलं.

मोजायचं तर चारच गोष्टी मोजा: किती वेळा रिलीज होतं, कोड तयार झाल्यापासनं लाइव्ह व्हायला किती वेळ, किती रिलीज बिघडतात, आणि बिघडलेलं सुरळीत व्हायला किती वेळ. यावर बोनस लावू नका, लोक आकडे बनवतात.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता, म्हणून बॅकअप गावाबाहेर पाहिजेच, आणि तो नवीन मशीनवर रिस्टोअर करून मे महिन्यातच बघा.

हे सगळं आधी एकाच टीमला करू द्या. जमायला लागलं की त्यातली दोन माणसं दुसऱ्या टीममध्ये महिनाभर बसवा, सर्क्युलर काढून काही होत नाही. आणि साखरवाल्या टीमला उन्हाळ्यात घ्या, डिसेंबरमध्ये ते तुमचं ऐकून घेणार नाहीत.