जुनी इस्टेट गाडी घेताय? आधी डिक्की उघडा

बसायला सेडानसारखी, पण छत थेट मागच्या दरवाजापर्यंत गेलेलं, ती इस्टेट. आपल्याकडे तिला स्टेशन वॅगन म्हणतात. भरिताच्या वांग्यांची गोणी, पापडाचे डबे आणि घरची पाच माणसं एकाच गाडीत आरामात न्यायची, तर हिच्यासारखी सोय नाही. भारतात अशा महागड्या गाड्या मोजक्याच आल्या: 2000 नंतरच्या दशकातली स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी, 2017 मध्ये आलेली व्होल्वो व्ही90 क्रॉस कंट्री, 2018 ची मर्सिडीज ई-क्लास ऑल-टेरेन. जळगाव-धुळ्यात सहसा मिळत नाहीत. मुंबई, पुणे, सुरत पालथं घालावं लागतं. "भाऊ, अशी गाडी परत मिळायची नाही," असं एजंट म्हणेल. म्हणू द्या.

निघण्याआधी कंपनीच्या जवळच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा. मागची काच, मागचा दरवाजा आणि टेललाइट किती दिवसांत मिळतील, एवढंच विचारा. इंजिनाचे बरेचसे भाग सेडानशी जुळतात, मागचे हे भाग जुळत नाहीत.

गाडीपाशी पोचलात की बोनेट नंतर, आधी डिक्की. इस्टेटचं सगळं आयुष्य तिथे लिहिलेलं असतं. गालिचा वर करा, स्टेपनी बाहेर काढा, खालच्या खोलगट जागेत बोट फिरवा. सुरतेहून आलेली एक कॉम्बी मी धुळ्यात पाहिली होती. वरून नव्यासारखं पॉलिश. स्टेपनीच्या खाली मात्र वाळलेला करडा गाळ, नटबोल्टवर गंज. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणाचं पाणी सोडल्यावर तापीने सुरत बुडवली होती. ही गाडी त्या पुरातच बुडाली असेल, असं छातीठोक सांगता येत नाही, पण गाळ पाहून मी परत फिरलो. सीटबेल्टही पूर्ण बाहेर ओढून बघा: बाहेरचा भाग धुता येतो, आत गुंडाळलेल्या टोकावर पाण्याची रेघ राहते. मागच्या दरवाजाची फट दोन्ही बाजूंना सारखी नसेल, तर मागून ठोकलेली आहे असं धरून चला.

ऑल-टेरेनला एअर सस्पेन्शन आहे, म्हणजे गाडी हवेच्या दाबावर तोललेली असते. ते तपासायला गाडी रात्रभर एका जागी उभी ठेवायला सांगा आणि सकाळी, कोणी सुरू करायच्या आत, चारही चाकांवरची उंची बघा. एक कोपरा बसलेला दिसला तर हवा गळते, आणि हा खर्च मोठा असतो. तेव्हाच थंड इंजिन स्वतः सुरू करून आवाज ऐका.

चालवून बघायची ती भर दुपारी. मे महिन्यात आपल्या खानदेशात पारा 45 च्या आसपास जातो. सकाळी गार वाटणारा एसी तेव्हा उघडा पडतो. एसी चालू ठेवून गाडी वीस मिनिटं जागेवर उभी ठेवा, तापमानाचा काटा हलतो का बघा. मालक धुळ्यापर्यंत यायला तयार असेल, तर लळिंगचा घाट चढवा. ऑटोमॅटिक गिअर चढावर झटका देत असेल, तर पुढे बोलणीच नको.

सर्व्हिसच्या नोंदी चेसिस नंबरवरून काढा आणि प्रत्येक वेळचं किलोमीटर मीटरशी ताडून बघा. ऑक्टाव्हियाचा टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल मागा. तो तुटला तर इंजिनच जातं. व्होल्वो आणि मर्सिडीज चारही चाकांवर ओढतात, म्हणून चारही टायर एकाच मापाचे, सारखे झिजलेले हवेत. टायरवरचे 2319 म्हणजे तो 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनला.

शेवटी कागद. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म 28 वरची एनओसी मागा आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स किमतीत धरा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म 35. पंधरा वर्षं उलटलेल्या कॉम्बीचं नोंदणी नूतनीकरण झालंय का, पर्यावरण कर भरलाय का, ते आरसीवर आणि पावतीवर बघा. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर मालकाची सही समोर घ्या आणि गाडी तुमच्या नावावर, एमएच 18 (धुळे), 19 (जळगाव) किंवा 39 (नंदुरबार) च्या पासिंगला, चढेपर्यंत थोडी रक्कम हातात राखा. हे सौद्याच्या वेळीच लिहून घ्यायचं.