जिओकॅशिंगसाठी जुना पाम: कागद न छापता मुंबईभर

जिओकॅशिंग म्हणजे लपवलेले डबे, म्हणजेच कॅश, जीपीएसच्या आधारे शोधायचा खेळ; प्रत्येक कॅशचं साइटवर एक पान असतं. ते पान छापून नेलं तर वर्णन, सूचना आणि आधीच्या शोधकांच्या नोंदी धरून एका कॅशला दोन-तीन कागद सहज लागतात. जून ते सप्टेंबरमध्ये बोरिवली स्टेशनवरून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत त्या कागदांचा लगदा झालेला असतो. फोन आहेच, पण ओल्या बोटाला त्याचा पडदा दाद देत नाही आणि कान्हेरीच्या चढावर नेटवर्कची खात्री नसते. कपाटात पडून असलेला पाम, म्हणजे स्टायलस नावाच्या काडीने चालवायचा जुना हातातला संगणक, हे काम आजही चोख करतो. त्याचा पडदा दाबावर चालतो, म्हणून झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून वरूनच स्टायलस टेकवली तरी पान पुढे सरकतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट हवी. इथे पाम वाट दाखवत नाही, ते काम जीपीएस रिसीव्हरचं. पाममध्ये फक्त वाचायचा मजकूर असतो: वर्णन, डी-टी म्हणजे शोधाची आणि वाटेची काठिण्यपातळी, डब्याचा आकार, सूचना, शेवटच्या नोंदी. म्हणून दिवस कसा जाणार हे आदल्या रात्री यात काय भरलं त्यावर ठरतं.

कोणता पाम चालेल

पाम थ्रीएक्सई, एम५०० मालिका, झायर, टंगस्टन ई, टीएक्स, यांपैकी काहीही चालतं. मात्र फरक समजून घ्या. थ्रीएक्सईत ८ एमबी मेमरी आणि दोन ट्रिपल ए सेल असतात. सेल कुठल्याही स्टेशनबाहेर मिळतात आणि काळा-पांढरा पडदा भर उन्हात जास्तच स्वच्छ दिसतो. कार्डाची सोय मात्र नाही. टंगस्टन ई, एम५०५, एम५१५ यांत एसडी कार्ड बसतं, पण आतली मेमरी बॅटरीवर जगते. बॅटरी पूर्ण उतरली की घातलेलं सगळं पुसलं जातं. टंगस्टन ई२, टी५ आणि टीएक्सची मेमरी फ्लॅश प्रकारची आहे, त्यामुळे बॅटरी संपली तरी माहिती राहते. निवड हातात असेल तर ई२ किंवा टीएक्स घ्या. फक्त पावसाळ्यात फिरण्यासाठी हवा असेल तर सेलवाला थ्रीएक्सई.

सेल बदलताना जुने काढून नवे एका मिनिटाच्या आत बसवा. तेवढा वेळ आतला कपॅसिटर मेमरी सांभाळतो, त्यापुढे भरवसा नाही. बदलण्याआधी यंत्र बंद असू द्या.

पडद्यावर एका जागी टेकवलं आणि दुसरंच उघडलं, तर प्रेफरन्सेसमध्ये डिजिटायझर उघडून नेम पुन्हा जुळवा. तरीही कडेला चूक राहिली तर बहुधा पडदा आणि चौकट यांच्या फटीत धूळ अडकलेली असते. कागदाची पातळ कड फिरवून ती काढा. पाणी लावू नका.

तारीखही तपासा. पाम ओएसचं कॅलेंडर ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत चालतं, त्यामुळे आज अडचण नाही. पण बॅटरी उतरून गेली असेल तर तारीख मागे जाते आणि मैदानातल्या नोंदींची वेळ चुकते.

पॉकेट क्वेरी: वर्तुळ समुद्रात वाया घालवू नका

कॅशची माहिती जीपीएक्स नावाच्या फाइलींत येते. पूर्ण वर्णनाच्या अशा फाइली थोकात मिळवायला जिओकॅशिंग डॉट कॉमचं सशुल्क सदस्यत्व लागतं. फुकट खात्यावर पूर्ण वर्णनाची फाइल मिळत नाही, फक्त नाव आणि निर्देशांक (अक्षांश-रेखांश) येतात, आणि त्याचा पाममध्ये काहीच उपयोग नाही. पॉकेट क्वेरी म्हणजे तुमच्या अटींत बसणाऱ्या कॅशची साइटवरून एकत्र मागवलेली फाइल. एका पॉकेट क्वेरीत जास्तीत जास्त १००० कॅश येतात.

नवखे लोक केंद्र सीएसएमटी ठेवतात. मग निम्मं वर्तुळ अरबी समुद्रावर पडतं आणि उत्तरेला वसई-ठाणे कापलं जातं. केंद्र पवईच्या आसपास धरा, म्हणजे एन १९° ०७, ई ०७२° ५४ जवळ, आणि त्रिज्या ३० किलोमीटर ठेवा. कुलाब्यापासून वसईपर्यंत, शिवाय ठाणे आणि वाशी त्यात येतात. एकक मैल आहे की किलोमीटर तेही पाहून घ्या. अटींमध्ये ‘अजून न सापडलेल्या’ आणि ‘सुरू असलेल्या’ एवढ्याच पुरतात. मुंबईत कॅश तशा विरळ आहेत, त्यामुळे डी-टीची गाळणी इथे लावू नका, घरी लावा.

निघण्याच्या आदल्या रात्री क्वेरी चालवा. आठवड्याभराची जुनी फाइल नेली तर मधल्या काळात पाण्यात गेलेला डबा तुम्ही तासभर शोधत बसाल. उतरवलेल्या झिपमध्ये दोन फाइली असतात, एक कॅशची आणि दुसरी जोड-वेपॉइंटची. दुसरी टाकून देऊ नका. पायवाट कुठे सुरू होते आणि मल्टीकॅशचा, म्हणजे टप्प्याटप्प्याने शोधायच्या कॅशचा, पुढचा टप्पा कुठे, ते त्यात असतं.

जीसॅकमध्ये सफाई

विंडोजवर जीसॅक हा कॅशची माहिती साठवून गाळणारा प्रोग्रॅम या कामाचं खरं हत्यार आहे. झिप न उघडता तशीच त्यात भरा. मग पहिली गाळणी ‘शेवटचा जीपीएक्स कधी आला’ या तारखेवर लावा. क्वेरीत बंद पडलेल्या कॅश येत नाहीत, पण जीसॅकच्या जुन्या साठ्यात त्या जिवंत दिसत राहतात. ज्यांची तारीख आजची नाही त्या वेगळ्या काढा. हे न केल्यामुळे फुकट फेऱ्या होतात.

फोटो क्वेरीबरोबर येत नाहीत. ज्या कोड्याच्या कॅशचं उत्तर चित्रात दडलंय ती घरी सोडवा आणि सुटलेले निर्देशांक जीसॅकमध्ये ‘दुरुस्त’ म्हणून नोंदवा. नाहीतर रिसीव्हर तुम्हाला कोड्याच्या खोट्या बिंदूवर नेईल.

आता मुंबईपुरतं सगळ्यात महत्त्वाचं काम. जीसॅक असो वा रिसीव्हर, ‘जवळची आधी’ ही यादी सरळ रेषेत अंतर मोजते. कुलाब्याला उभं राहिलं की उरण जवळ दिसतं, पण मध्ये बंदर आहे. म्हणून यादी रेल्वेच्या मार्गाने लावा. जीसॅकच्या ‘युजर डेटा’ रकान्यात प्रत्येक कॅशपुढे मार्ग आणि स्टेशन लिहा: पश्चिम-वांद्रे, मध्य-घाटकोपर, हार्बर-चेंबूर असं. नावं रोमन लिपीत लिहा. मग त्या रकान्यावर क्रम लावून पश्चिम, मध्य आणि हार्बर अशा तीन वेगळ्या फाइली काढा. दादरला उतरून मार्ग बदलायचा ठरलं की फाइल बदलायची, एवढं सोपं होतं. यादीला अर्धा तास लागतो, पण तो लोकलमध्ये दोन तास वाचवतो.

नावं रोमनमध्ये का? पाम ओएसला युनिकोड कळत नाही. देवनागरी मजकूर प्रश्नचिन्हांचा किंवा चौकटींचा ढीग होऊन दिसतो. कॅशच्या वर्णनात मराठी-हिंदी ओळी असतील तर त्यांतला कामाचा भाग रोमनमध्ये टिपून ठेवा.

पामच्या स्वरूपात आणणं

सर्वात कमी कटकटीचा रस्ता प्लकरचा. हा पानं वाचायचा मुक्त प्रोग्रॅम आहे आणि जोडण्या (लिंक) असलेली पानं उघडतो. जीसॅकमधून एचटीएमएल फाइली काढा, एक सूचीचं पान आणि प्रत्येक कॅशचं एक पान. मग प्लकर डेस्कटॉपला सूचीचं पान द्या. जोडण्यांची खोली (डेप्थ) दोन ठेवा: सूची आणि तिच्या आतलं पान. खोली वाढवली तर वर्णनातल्या बाहेरच्या जोडण्यांमागे लागून फाइल फुगते. चित्रं बंद करा.

दाबणी, म्हणजे फाइल लहान करायची पद्धत, निवडताना झेडलिब आणि डॉक असे दोन पर्याय येतात. झेडलिबने फाइल लहान होते, पण पाममध्ये सिसझेडलिब नावाची वेगळी लायब्ररी घालावी लागते, आणि ती राहिली तर पुस्तक उघडतच नाही. डॉक घ्या. दोनशे कॅशसुद्धा साधारणपणे एका एमबीच्या आसपास बसतात, मग फाइल आणखी लहान करायचा हट्ट कशाला?

विंडोज नसेल तर जीपीएसबेबल या प्रोग्रॅमने जीपीएक्सचं एचटीएमएल होतं, नोंदींसकट आणि सूचना उलट लिपीत ठेवून. तिथून प्लकरची पायथन आज्ञा तेच काम करते. सूचनेची उलट लिपी म्हणजे ए ते झेडमधलं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे. पाममध्ये एक छोटा मेमो करून त्यात ए खाली एन, बी खाली ओ असा तक्ता ठेवा.

भरणं, आणि इथेच बहुतेक लोक अडतात

हॉटसिंक म्हणजे पाम संगणकाला जोडून माहिती भरायची सोय. चौसष्ट बिटच्या विंडोजवर पामच्या मूळ ड्रायव्हरने यूएसबी हॉटसिंक सुरू होत नाही, कारण पामने त्यासाठी ड्रायव्हर काढलाच नाही. केबल बदलून काही होणार नाही. यावर तीन वाटा आहेत.

कार्ड असेल तर कार्डच वापरा. लॅमिंग्टन रोडवर कार्ड रीडर मिळतो. २ जीबी किंवा त्याहून लहान साधं एसडी कार्ड हवं, एसडीएचसी नको. ते फॅट१६ मध्ये फॉरमॅट करा, शक्यतो पाममध्येच. प्लकर प्रोग्रॅम पाम फोल्डरच्या आतल्या लाँचर फोल्डरमध्ये टाका आणि पुस्तकं पाम, प्रोग्रॅम्स, प्लकर या क्रमाने आतल्या फोल्डरमध्ये. कार्डावरून प्रोग्रॅम चालतो, त्यामुळे बॅटरी उतरून मेमरी गेली तरी वाटेत चार्ज मिळाला की काम पुन्हा सुरू होतं.

कार्ड नसेल तर लिनक्स आणि पामशी माहितीची देवाणघेवाण करणारा पायलट-लिंक प्रोग्रॅम. यूएसबीच्या पामवर आधी हॉटसिंकचं बटण दाबा, मग आज्ञा द्या, कारण बटण दाबल्यावरच यंत्र संगणकाला दिसतं. सिरियल पाळण्यावर (पाम ठेवायच्या स्टँडवर) उलट: आधी आज्ञा, मग बटण. पायलट-लिंक लिबयूएसबी या लायब्ररीमार्फत वापरत असाल तर कर्नलचं व्हायझर मॉड्युल आधी काढून टाका, नाहीतर दोघं एकाच पोर्टवर भांडतात आणि सिंक अर्ध्यात तुटतं.

तिसरी वाट इन्फ्रारेडची. मित्राच्या पाममध्ये फाइल असेल तर दोन यंत्रं समोरासमोर वीतभर अंतरावर धरून बीम करा. सावलीत करा, कडक उन्हात सिग्नल बिघडतो.

रिसीव्हरशी मेळ

रिसीव्हरमध्ये तेच बिंदू त्याच नावाने गेले पाहिजेत, नाहीतर पाममधलं पान आणि बाण जुळत नाहीत. जुन्या पिवळ्या ईट्रेक्समध्ये नावाला सहाच अक्षरं मावतात आणि ५०० बिंदूच बसतात. कॅशच्या सात अक्षरी कोडातलं पहिलं जीसी गाळा, उरलेली पाच अक्षरं पुरतात. जीसॅकमध्ये ही सोय आहे. या कोडांत आय, एल, ओ, एस आणि यू ही अक्षरं येतच नाहीत. म्हणजे गोल दिसलं तर ते शून्य, आणि उभी रेघ दिसली तर एक.

रिसीव्हरचा डेटम (निर्देशांक मोजायचा पाया) डब्ल्यूजीएस ८४ आणि मांडणी अंश-दशांश मिनिटं अशी असावी. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे मुंबईत उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १.७५ मीटर. शेवटचा आकडा एकाने चुकला तरी चालेल, पण त्याच्या आधीचा एकाने चुकला की वीसेक मीटरचा फरक पडू शकतो.

जागेवर

फोर्टच्या दगडी इमारतींत किंवा काळबादेवीच्या गल्लीत उपग्रहांचे सिग्नल भिंतींवर आदळून येतात. जुन्या रिसीव्हरचा बाण इकडून तिकडे उडतो आणि आकडा थांबत नाही. तिथे बाण सोडा आणि पाम काढा. शेवटच्या नोंदी वाचा, डब्याचा आकार पाहा. ‘मायक्रो’ म्हणजे फिल्मच्या डबीएवढा किंवा त्याहून लहान. वर्णनात चुंबक आला असेल तर लोखंड शोधा, झाड नव्हे.

स्टेशनं, नौदलाच्या भिंती, सरकारी इमारती यांच्याजवळ झुडपात हात घालत बसू नका. २००८ च्या हल्ल्यानंतर बेवारस डब्याकडे शहर वेगळ्या नजरेने बघतं आणि ते बरोबरच आहे. हटकलं तर पाममधलं पान उघडून दाखवा. छापील कागदापेक्षा ते पटकन समजावता येतं, कारण नाव, वर्णन, जुन्या नोंदी सगळं समोर असतं. उद्यानात खुणावलेल्या पायवाटा सोडू नका, तिथे बिबट्यांचा वावर आहे, आणि दिवस मावळायच्या आत बाहेर पडा.

सापडला की मेमो पॅडमध्ये एक ओळ: कोड, वेळ, सापडला की नाही, काय घेतलं, काय ठेवलं. ट्रॅव्हल बगचा, म्हणजे एका कॅशमधून दुसरीत फिरणाऱ्या वस्तूचा, क्रमांक तिथेच लिहा. जुन्या पामवर एका मेमोत सुमारे ४,००० अक्षरं मावतात, दिवसभराला एक पुरतो. पाऊस असेल तर पिशवी उघडू नका, वरूनच लिहा. ग्राफिटीच्या, म्हणजे पामवर स्टायलसने अक्षरं लिहायच्या पद्धतीच्या, रेघा प्लास्टिकवरूनही उमटतात, फक्त पिशवी ताणून सपाट धरा, सुरकुती आली की टी चा आय होतो.

घरी पोहोचल्यावर आधी यंत्र पिशवीतून काढून पंख्याखाली ठेवा, पिशवीत साठलेला दमटपणा कनेक्टरला गंज लावतो. ते सुकलं की मेमोवरून साइटवर नोंदी टाका आणि बॅटरी चार्जला लावा.