चर्चची किल्ली हाती आल्यावर

वडोद्यात फतेगंजजवळ राहते. आमच्या चर्चची किल्ली माझ्याकडे असते. रविवारी तासभर आधी दार उघडा, पंखे लावा. मग बाकं. पुढचं बाक कुणा बड्यासाठी राखून ठेवू नका. सोन्याच्या अंगठीवाल्याला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी, असं करणाऱ्यांनाच बायबलमध्ये याकोबाच्या पत्रात (अध्याय 2) दोष दिलाय. (लग्नात हे पाळणं अवघड, आत्याबाई रुसतात.) नाताळात केक विकायचेत? बायबलमध्ये मार्क 11:17 मध्ये येशू मंदिरातल्या विक्रेत्यांना हाकलून त्या जागेला 'प्रार्थनेचं घर' म्हणतो, म्हणून मी टेबल फाटकाबाहेर लावायला लावते. प्रीतिभोजन, म्हणजे चर्चमधल्या सगळ्यांचं एकत्र जेवण, खुशाल करा, पण बायबलमधल्या करिंथ शहरच्या ख्रिस्ती लोकांसारखं एक उपाशी, दुसरा तर्र, असं नको. सगळे येईपर्यंत थांबा. रंगकाम चालू असेल तर कुणाच्याही घरी जमा. बायबलमधल्या प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याच्या घरीच मंडळी (उपासनेला जमणारे लोक) भरायची.