पॅलाडिन घेताय? सहाव्या पातळीपर्यंत दुसरा वर्ग जोडू नका

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाच्या 2014 च्या नियमांत पॅलाडिन, म्हणजे शपथबद्ध योद्ध्याचा वर्ग, घेताना क्षमतांचे आकडे विकत घ्यायचे 27 गुण असे खर्च करा: ताकद 15, करिश्मा 15, काटकपणा 13, चपळाई आणि शहाणपण 10, बुद्धी 8. हाफ-एल्फ ही वंशजात घेतल्यास तिच्या बोनसने करिश्मा 17, ताकद 16, काटकपणा 14 होतो. बुद्धीचं 8 बघून घाबरू नका, इथे ती फारशी लागत नाही.

वॉरलॉक किंवा सॉर्सरर हे जादूगार वर्ग जोडायची घाई मात्र महागात पडते. पाचव्या पातळीला दुसरा हल्ला मिळतो. सहाव्या पातळीचं संरक्षक वलय तर सोडूच नये: 10 फुटांतल्या सोबत्यांच्याही सेव्हिंग थ्रोमध्ये (संकट टाळायला टाकलेल्या फाशात) तुमचा करिश्म्याचा बोनस मिळतो, अख्खी पार्टी वाचते.

स्माइट, म्हणजे मंत्रांचा एक स्लॉट (मर्यादित साठ्यातला एक वापर) खर्चून वाराला जोडलेली जादा इजा, वार लागल्यावर जाहीर करा. पहिल्या पातळीच्या स्लॉटचे 2डी8 (आठ बाजूंचे दोन फासे) क्रिटिकलला, म्हणजे हल्ल्याच्या फाशावर 20 पडल्यास, 4डी8 होतात. स्लॉट परत देणाऱ्या दीर्घ विश्रांतीआधी चार लढाया झाल्या तर पहिल्याच गॉब्लिनवर उधळलेले स्लॉट शेवटी हवे असतात.

टेबलावर 2024 चे नियम असतील तर स्माइटला बोनस अ‍ॅक्शन (पाळीतली एकच जादा कृती) लागते. डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) आधीच विचारा.