रंग गेला, रंगद्रव्य गेले नाही

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्यातील ॲझो रंगद्रव्यांचे जिवाणूंकडून विघटन हा विषय घेतला, कारण इचलकरंजीतील रंगाई-प्रक्रियेच्या सांडपाण्याच्या नाल्यातला गाळ मला सहज मिळत होता आणि त्यातून रंग घालवणारे जिवाणू वेगळे करायला महिनाही लागला नाही. लिटरला १०० मिलिग्रॅम रंगद्रव्य असलेला लालभडक फ्लास्क एका रात्रीत पाण्यासारखा दिसू लागला. मार्गदर्शकांनी पाठ थोपटली आणि मी प्रबंधात निःसंकोचपणे ‘विघटन’ असा शब्द लिहिला.

ती चूक माझे जवळजवळ एक वर्ष घेऊन गेली, म्हणून ती सविस्तर सांगतो. बहिःस्थ परीक्षकांनी एवढेच विचारले की तुलनेसाठी मृत पेशींचा नियंत्रण-फ्लास्क कुठे आहे. तो मी ठेवलाच नव्हता. परत येऊन सेंट्रीफ्यूज केले तेव्हा नळीच्या तळाशी बसलेल्या पेशी गुलाबी निघाल्या, म्हणजे काही रंग पेशींवर नुसता चिकटला होता. उरलेला भाग खरोखर तुटला होता, पण तो कुठे तुटला हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. ऑक्सिजन नसताना जिवाणू आपले इलेक्ट्रॉन रंगद्रव्याला देतात आणि दोन नायट्रोजनमधला ॲझो बंध तुटतो. फ्लास्क हलवून हवा मिसळणारा शेकर सुरू केला की तेच इलेक्ट्रॉन ऑक्सिजन घेतो आणि रंग जाणे मंदावते. बंध तुटताच रंग नाहीसा होतो, मात्र मागे रंगद्रव्याचे तुकडे, म्हणजे रंगहीन ॲरोमॅटिक अमाइन, राहतात. १८८३ साली तयार झालेल्या काँगो रेडपासून अशा प्रकारे बेन्झिडीन मिळते, आणि बेन्झिडीनमुळे माणसाला मूत्राशयाचा कर्करोग होतो. माझा स्वच्छ दिसणारा फ्लास्क दोन दिवस उघडा राहिला, तेव्हा हवेमुळे त्यातील अमाइनचे ऑक्सिडीकरण होऊन द्रव तपकिरी झाला. मी तो तपकिरीपणा आधीही पाहिला होता आणि दूषितीकरण समजून फ्लास्क फेकून दिले होते.

म्हणून केवळ दृश्य प्रकाशातील एका तरंगलांबीवर वाचन घेऊन थांबू नका. २०० नॅनोमीटरपासून संपूर्ण स्कॅन घ्या, पेशींवरील रंग मिथेनॉलने काढून मोजा, ऑटोक्लेव्ह केलेल्या पेशींचा आणि पेशीविरहित माध्यमाचा असे दोन्ही नियंत्रण-फ्लास्क ठेवा, आणि रंग गेल्यानंतर तोच द्रव हवा देऊन पुढील टप्प्यात न्या, कारण अनेक अमाइनचे विघटन ऑक्सिजन मिळाल्यावरच होते. सल्फोनेटेड अमाइन त्यातही चिवट असतात. सीओडी (पाण्यातील सेंद्रिय प्रदूषणाचे माप) उतरला म्हणून हुरळू नका. माध्यमातील यीस्ट अर्क जिवाणूंनी खाल्ला तरी सीओडी उतरतो.

हे वाचून विषय सोडावासा वाटेल, पण सोडू नका. यातील एकही चाचणी साध्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरची नाही.

प्रत्यक्ष सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात गेल्यावर ‘कल्चर’च्या, म्हणजे तयार जिवाणूंच्या, पावडरीची पाकिटे पुढे केली जातील. माझे मत स्पष्ट आहे: बाहेरून आणलेला जिवाणू खारट, चढ-उतार होणाऱ्या सांडपाण्यात सहसा टिकत नाही आणि टाकीतला जुना, जिवाणूंनी भरलेला गाळ त्याला मागे टाकतो. सांडपाण्यावर काम करणाऱ्या आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी १९१४ मध्ये मँचेस्टरला दाखवले की खाली बसलेला गाळ पुन्हा पुन्हा वापरला तर आठवड्यांचे शुद्धीकरण तासांवर येते. त्यामुळे मार्गदर्शक निवडताना शोधनिबंधांची संख्या पाहण्याआधी एरेशन (हवा देण्याच्या) टाकीजवळ वर्षानुवर्षे काम केलेल्या ऑपरेटरपाशी बसा. फेसाच्या रंगावरून आणि गाळाच्या वासावरून त्याला जे कळते, ते मला कोणत्याही तासिकेत शिकायला मिळाले नाही.

नवीन रंगद्रव्याची सवय गाळाला लावताना मात्रा अगदी थोडी ठेवून हळूहळू वाढवा. पहिले काही आठवडे काहीच घडत नाही असे दिसेल आणि ते अस्वस्थ करेल. त्या काळात घाईने मात्रा वाढवली तर गाळ मरतो आणि सर्व पहिल्यापासून सुरू करावे लागते. माझ्या हातून हे दोनदा झाले. तिसऱ्या वेळी वाट पाहिली, हवेचा दुसरा टप्पा जोडला, आणि उघड्या ठेवलेल्या फ्लास्कात तपकिरी रंग आला नाही.