फ्लेमिंगो बघायला निघालात? आधी तिथी बघा

ठाणे खाडीवर पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण सुट्टीचा वार बघून निघतात. मीही तसाच गेलो होतो, बाबांना व्हीलचेअरवर घेऊन. फ्लेमिंगो होते, पण इतके लांब की बाबांनी विचारलं, "ती गुलाबी रेघ म्हणजेच का?" पाणी पार उतरलेलं होतं आणि पक्षी पाण्याच्या कडेकडेने दूर सरकले होते. चूक खाडीची नव्हती, माझी होती. त्यानंतर कॅलेंडरवर वाराच्या आधी तिथी बघायला लागलो.

किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशोब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला. सकाळी आणि संध्याकाळी दोन्हीकडे हेच गणित. तिथून सहा तासांनी ओहोटी. हा हिशोब मुंबईच्या किनाऱ्याचा. खाडीत आत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो. अचूक वेळ हवी तर भरती-ओहोटीचं तयार कोष्टक मोबाइलवर मिळतंच.

आता खरी मेख. काय बघायचंय त्यावर वेळ ठरते, आणि जवळून पक्षी व चिखलातले जीव या दोन्ही गोष्टी एकाच वेळी नीट दिसत नाहीत. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या बोटींना पाणी लागतं, म्हणून त्यांच्या वेळा भरतीप्रमाणे बदलतात. पाणी चढताना पक्षी काठाकडे ढकलले जातात, हीच त्यांना जवळून बघायची वेळ. सकाळची बोट हवी तर एकादशी ते त्रयोदशी बरी. उलट कांदळवनातल्या, म्हणजे खारफुटीच्या जंगलातल्या, पायवाटेवरून निवट्या (चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे), खेकडे आणि तिवर या खारफुटीच्या झाडाची चिखलातून वर आलेली श्वासमुळं बघायची असतील तर ओहोटी हवी. चतुर्थी-पंचमीला सकाळी नऊ-दहाच्या सुमारास जा. भरतीला तिथे गेलात तर फक्त झाडं पाण्यात उभी दिसतील.

"व्हीलचेअर येते का?" हा प्रश्न विचारू नका

उत्तर नेहमी "हो, येते" असंच मिळतं. एका पाणथळ जागी (नाव घेत नाही) आम्हाला फोनवर हेच सांगितलं होतं. पायवाट खरोखर छान होती, पण तिच्या तोंडाशी तीन पायऱ्या होत्या. सांगणाऱ्याच्या मनात "चार माणसं उचलतील" असा हिशोब असतो. त्यामुळे नेमकं विचारा: पायऱ्या किती? उतार आहे का, आणि कठडा? खुर्ची वळवायला शेवटी जागा आहे का? स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी किती? जमलं तर फोटो मागवा.

बोटीचं गणित वेगळं, आणि तेही भरतीशीच बांधलेलं. धक्का पक्का असेल तर पाणी जितकं खाली, तितकी बोटीतली उतरण मोठी. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्याही वर जातो. अष्टमीच्या सुमारास भांग असते, म्हणजे उधाणाच्या उलट, तेव्हा हा फरक कमी असतो. गुडघेदुखीवाल्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

फळ्यांच्या वाटेवर पुढची छोटी चाकं फटीत अडकली तर जोर लावून ढकलू नका, माणूस पुढे पडतो. खुर्ची उलटी फिरवा आणि मोठी चाकं पुढे घेऊन मागच्या मागे ओढत न्या. फळी ओली आणि हिरवी दिसली तर ते शेवाळ आहे. तिथे चालणाऱ्यांनीही कठडा धरावा.

बाकीच्या चुका, भराभर

जुलैत जाऊन फ्लेमिंगो शोधू नका. ते साधारण नोव्हेंबरपासून येऊ लागतात आणि मे-जूनपर्यंत दिसतात. थव्यात करडे पक्षी दिसले तर "हे दुसरेच" म्हणून सोडू नका, ती पिल्लं आहेत. गुलाबी व्हायला त्यांना दोन-तीन वर्षं लागतात. ऐरोली खाडीच्या पूर्व काठावर आहे, म्हणून तिथून सकाळी ऊन पाठीशी असतं. संध्याकाळी फोटोत सगळे पक्षी काळे येतात. कुरव (सीगल) पक्ष्यांना शेव-गाठ्या टाकणं बंद करा, कितीही गंमत वाटली तरी. हे अभयारण्य आहे, 2015 पासून, आणि 2022 मध्ये ठाणे खाडी रामसर यादीतही, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेली.

आणि वास. खाडीवर पोचल्या पोचल्या लोक नाक दाबतात आणि "गटार आहे" म्हणतात. अर्धं खरं आहे, सांडपाणी खाडीत येतंच. पण सडक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो कांदळवनाच्या चिखलाचा स्वतःचा आहे. आत हवा पोचत नाही, तिथले जिवाणू तो वायू सोडतात. म्हणूनच तर तिवराला मुळं वर काढावी लागतात.

झाडांकडे पाठ फिरवून फक्त पक्षी बघणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. पक्षी उडून जातात, झाड मात्र खुर्चीवरून हात पुरेल इतकं जवळ असतं. तिवराचं पान उलटून बघा: खालून राखाडी असतं. कोरड्या दिवशी वरच्या बाजूला मिठाची कणी चमकते. कांदळ टेकू दिल्यासारख्या मुळांवर उभा असतो आणि त्याच्या हिरव्या शेंगा झाडावर असतानाच रुजलेल्या असतात. पांढरी चिप्पी 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. एकाच झाडाला हात लावायचा नाही: गेवा. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर मोठी इजा होते. कोणतं झाड कोणतं हे कळत नसेल, तर सोबतच्या माहीतगाराला विचारल्याशिवाय पान तोडू नका.

भर भरतीला पोचलात आणि एकही फ्लेमिंगो नसला तर लगेच परत फिरू नका. पाणी पूर्ण चढलं की ते काठाच्या तळ्यांवर जाऊन उभे राहतात. पाणी ओसरू लागलं, चिखलाची पहिली पट्टी उघडी पडली, की परत येतात. दुसऱ्या खेपेला आम्ही असेच दोन तास बसलो होतो. बाबांनी तेवढ्या वेळात सतरा निवट्या मोजल्या.