द्राक्षबागेत पेस्ट लावताना हात आणि माणसं कशी सांभाळावीत

फळछाटणीनंतर दिवस-दोन दिवसांत काडीच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून नवी फूट निघते तिथं, पेस्ट लागली पाहिजे, हे द्राक्षवाल्याला सांगावं लागत नाही. आपल्याकडच्या हवेत वेलीला पुरेशी थंडी मिळत नाही, आणि नुसतं सोडून दिलं तर शेंड्याचे एक-दोन डोळे फुटतात, बाकीचे तसेच राहतात. म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावायचं. दुकानात ते डॉर्मेक्स किंवा आणखी कुठल्या नावानं मिळतं, बागेत सगळे 'पेस्ट'च म्हणतात. लिटरला किती मिली घ्यायचं, किती डोळ्यांना लावायचं, यावर हंगामभर चर्चा चालते. लावणाऱ्या माणसाबद्दल मात्र एकच वाक्य ऐकू येतं : "मास्क लावा, काळजी घ्या." या वाक्याचा मला आता राग येतो. मास्क लावावाच, पण स्पंजानं पेस्ट लावताना खरा धोका कातडीतून आहे. मास्क लावून उघड्या हातांनी स्पंज पिळणारी माणसं मी बांधाबांधावर पाहिली आहेत, आणि त्यांना वाटतं आपण काळजी घेतली.

आपण काय हाताळतोय ते आधी नीट समजून घ्या. हे मुळात कारखान्यातलं रसायन. कॅल्शियम कार्बाइड आणि नायट्रोजनपासून कॅल्शियम सायनामाइड करतात आणि त्यापासून हे. कॅनमध्ये त्याचं सुमारे ५० टक्क्यांचं पाण्यातलं द्रावण असतं. ते पोटात गेलं तर विषारी, कातडीतून आत गेलं तरी विषारी, आणि डोळ्यात उडालं तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. कातडी भाजते, शिवाय काहींना त्याची ॲलर्जी बसते आणि पुढे थोड्याशा पेस्टनंही अंगावर पुरळ उठतो. युरोपच्या वर्गीकरणात थायरॉईडवर आणि प्रजननावर परिणामाची शक्यताही नोंदवलेली आहे. इटलीत हे २००० साली बाजारात आलं, २००१च्या सुरुवातीला विषबाधेचे २३ रुग्ण सापडले आणि २००२च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारनं विक्री थांबवली. पुढे कडक अटींवर परत परवानगी दिली, तरी नवे रुग्ण येत राहिले. २००८मध्ये युरोपीय संघानं शेतीसाठी त्याला मान्यता नाकारली. आपल्याकडं ते वापरल्याशिवाय गत्यंतर नाही, असं बहुतेक बागायतदार म्हणतील आणि मीही म्हणतो. पण मग लावणाऱ्याची जबाबदारी आपलीच.

कॅन आणि बादली

कॅन सावलीत, थंड जागी, कुलपात ठेवा. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये नको, कारण उष्णतेनं हे द्रावण बिघडतं आणि कॅन फुगतो. द्रावण प्लास्टिकच्या बादलीतच करा, तांब्या-पितळेचं किंवा लोखंडी भांडं नको. आधी पाणी, मग औषध. दुसरं कुठलंही औषध त्यात मिसळू नका. मोजमाप एकाच जाणत्या माणसानं करायचं, हातमोजे आणि डोळ्यांवर बाजूनं बंद असलेला चष्मा घालून, कारण मूळ ५० टक्क्यांच्या द्रावणाशी संबंध फक्त त्याचाच येतो.

हात

ही पायरी जमायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथंच.

लिटरला ४० मिली धरलं तर बादलीतलं पाणी साधारण २ टक्क्यांचं होतं. "दोन टक्क्यांनी काय होतंय?" हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं. पण २ टक्क्यांचं पाणी घामेजलेल्या हातावर चार-पाच तास बसलं तर ते आत जातंच. त्यातून छाटणी आणि पेस्ट बहुतेक ठिकाणी एकच टोळी करते. सकाळभर कात्री चालवून आणि काड्या ओढून हातांवर, मनगटांवर ओरखडे आलेले असतात. अशी कातडी आणि ओला स्पंज एकत्र येऊ देऊ नका. जमत असेल तर छाटणीची माणसं वेगळी आणि पेस्टची वेगळी ठेवा. ज्याच्या हातावर ताजी जखम आहे त्याला दुसरं काम द्या, पट्टी बांधून पेस्टवर पाठवू नका. पट्टी औषध धरून ठेवते.

सुती हातमोजे अजिबात नकोत. ते हातमोजे नसण्यापेक्षा वाईट, कारण ते भिजतात आणि दिवसभर औषध कातडीला चिकटवून ठेवतात. दवाखान्यातले पातळ पांढरे मोजेही नकोत, काडीच्या कापलेल्या टोकाला लागून ते पहिल्या ओळीतच फाटतात. कोपरापर्यंत येणारे जाड नायट्रिलचे किंवा रबराचे मोजे घ्या. रोज सकाळी प्रत्येक मोज्यात पाणी भरून दाबून बघा. थेंब आला की मोजा बाद. माणशी एक जोडी जास्तीची बांधावर ठेवा, म्हणजे फाटला तरी "आता एवढी ओळ संपवू" असं कुणी म्हणणार नाही.

आता खरी अडचण. चांगले मोजे घातले तरी संध्याकाळी माणसांच्या दंडाला आणि काखेत आग होते. याचं कारण मांडव. काडी डोक्याच्या वर असते, हात वर जातो, आणि स्पंजातून सुटलेलं पाणी मनगटावरून कोपराकडं, तिथून बाहीत आणि काखेत उतरतं. मोजा जितका सैल, तितकं जास्त पाणी त्याच्या तोंडातून आत शिरतं. आत गेलेलं औषध तिथंच कोंडतं, वर घाम, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं माणूस सुरक्षित आहे.

यावर उपाय साधा आहे, पण तो काडी कुठं आहे त्यावर ठरतो. हात डोक्याच्या वर जाणार असेल तर शर्टाची बाही मोज्याच्या आत घाला आणि मोज्याचं तोंड बाहेर दुमडून त्याची पन्हाळ करा. ओघळ त्या दुमडीत थांबतो. अधूनमधून हात खाली करून, अंगापासून लांब धरून ती दुमड रिकामी करायची. वाय पद्धतीच्या, म्हणजे इंग्रजी Y आकाराच्या आधारावर वेल चढवलेल्या, बागेत काडी छातीच्या किंवा कमरेच्या उंचीला असेल आणि हात खालीच राहणार असेल, तर उलट करा : बाही मोज्याच्या वरून घ्या, म्हणजे बाहीवरचं पाणी मोज्यात शिरत नाही. एकच नियम सगळ्या बागेला लावला की निम्म्या माणसांचे हात भिजतात. मनगटाला रबर लावलं तरी चालेल, पण घट्ट नको.

दुसरा उपाय स्पंजाचा. तळहातात गच्च भिजलेला मोठा स्पंज धरून काडी पिळून काढायची सवय मोडा. डोळा ओला व्हायला एवढं औषध लागत नाही, निम्मं जमिनीवर आणि उरलेलं माणसावर पडतं. स्पंज बुडवून बादलीच्या काठावर दाबून घ्यायचा, थेंब गळायचा थांबला की मगच वर न्यायचा. मांडवाखाली मी छोट्या काठीला बांधलेला स्पंज देतो. सुरुवातीला माणसं कुरकुर करतात, काम हळू होतं म्हणतात. थोड्या ओळींनंतर हात बसतो, आणि औषधही वाचतं.

वर बघत काम असल्यामुळं थेंब तोंडावर पडतात. साधा चष्मा बाजूनं उघडा असतो, म्हणून पारदर्शक फेस शील्ड द्या, टोपी द्या. अंगात पूर्ण बाहीचा जाड शर्ट आणि पुढून प्लास्टिकचा एप्रन. ऑक्टोबरच्या उन्हात पूर्ण रेनकोट घालायला सांगणारे सल्लागार स्वतः तो घालून एक ओळही लावत नाहीत. माणूस तो तासाभरात काढून टाकतो, आणि उरतो उघडा दंड. त्यापेक्षा सकाळी लवकर सुरू करून ऊन चढायच्या आत थांबा.

पाठीवरच्या पंपानं किंवा एचटीपीनं (जास्त दाबाच्या फवारणी पंपानं) पेस्ट फवारायच्या भानगडीत पडू नका. तेव्हा मात्र नाक, डोळे, सगळंच धोक्यात येतं.

कामाच्या मध्ये

तंबाखू मळायची नाही, मिश्री लावायची नाही, विडी ओढायची नाही. ओल्या हातानं मळलेली तंबाखू म्हणजे औषध थेट तोंडात. चहा आला की मोजे घातलेले असतानाच हात साबणानं धुवायचे, मग मोजे काढायचे, मग परत हात धुवायचे. यासाठी पाण्याचा पिंप आणि साबण बागेच्या कडेला लागतोच, विहिरीवर जाऊन कुणी हात धुत नाही.

गरोदर बाईला या कामावर घेऊ नका. बाया संकोचानं सांगत नाहीत, म्हणून मुकादमाच्या बायकोकडून किंवा घरातल्या बाईकडून आधी विचारून घ्या आणि तिची मजुरी बुडणार नाही असं दुसरं काम द्या. लहान मुलं बागेबाहेर.

संध्याकाळ

हातांनंतर माझं सगळ्यात जास्त लक्ष संध्याकाळच्या दारूवर असतं. दारू पोटात गेली की यकृतात तिचं ॲसिटाल्डिहाइड बनतं, आणि मग एक विकर (एन्झाइम) त्याचा निकाल लावतं. सायनामाइड नेमकं तेच विकर बंद पाडतं. मग ॲसिटाल्डिहाइड रक्तात साठतं : तोंड, मान, छाती लालभडक होते, डोकं ठणकतं, छाती धडधडते, धाप लागते, उलट्या होतात, रक्तदाब खाली जातो आणि माणूस कोसळू शकतो.

हे वाचून कुणाला अतिशयोक्ती वाटली, तर एवढं लक्षात घ्या : जपानमध्ये दारू सोडवण्यासाठी हेच सायनामाइड डॉक्टर औषध म्हणून देत आले आहेत, दिवसाला ५० ते २०० मिलिग्रॅम. आपल्या २ टक्क्यांच्या पेस्टच्या अडीच मिलीत ५० मिलिग्रॅम असतं. कातडीवर पडलेलं सगळं आत जात नाही, हे खरं. पण दिवसभरात अंगावर ओघळलेली पेस्ट अडीच मिली नसते, कितीतरी जास्त असते.

म्हणून पेस्टच्या आदल्या दिवसापासून शेवटच्या पेस्टनंतर पूर्ण आठवडाभर दारू बंद. लेबलवर यापेक्षा कमी मुदत लिहिलेली असली तरी मी आठवडाच धरतो. यात देशी, मोहाची, ताडी, बिअर सगळं आलं. द्राक्षासव, दशमूलारिष्ट अशी आसवं-अरिष्टं आणि काही खोकल्याची औषधंही आली, कारण त्यांत अल्कोहोल असतं. आणि हे टोळीइतकंच मालकालाही लागू आहे. बादलीजवळ उभा राहून देखरेख करणारा आणि मोजमाप करणारा मालक रात्री मित्रांबरोबर प्यायला बसला तर त्यालाही तोच त्रास होऊ शकतो.

नुसतं "पिऊ नका" म्हणून भागत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळीशी बोली करतानाच मुकादमाला हे सांगा, आणि कारणासकट सांगा. कारण समजलं की माणसं ऐकतात, असा माझा अनुभव आहे. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी पेस्ट ठेवू नका. आणि जो रोज पितो, ज्याचे सकाळी हात थरथरतात, त्याला पेस्टवर नेऊच नका. त्याला अचानक दारू तोडायला लावणंही जिवावर बेतू शकतं. तो काड्या गोळा करील, पाणी बघील, त्याला ते काम द्या.

घरी गेल्यावर आधी साबणानं अंघोळ, मग लेकरं आणि जेवण. कामाचे कपडे वेगळे धुवायचे, रोज.

त्रास झाला तर

अंगावर सांडलं तर कपडे लगेच काढून वाहत्या पाण्यानं १५ ते २० मिनिटं धुवा. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून तितकाच वेळ पाणी सोडा आणि तिथून सरळ दवाखाना गाठा. वर हळद, तेल, लिंबू काही लावू नका. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. धाप, छातीत धडधड, चक्कर किंवा तोंड लाल झालेलं दिसलं तर १०८ला फोन करा आणि कॅनचं लेबल बरोबर न्या.

डॉक्टरांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. पहिली : हे सायनामाइड आहे, सायनाइड नाही. नावातल्या साम्यामुळं घाईत गोंधळ होऊ शकतो, आणि सायनाइडवरचा उतारा याला उपयोगी नाही, उलट अपाय करू शकतो. उपचार लक्षणांवर चालतात. दुसरी : गेल्या आठवड्यात दारू घेतली होती का आणि कधी. घरच्यांसमोर माणूस लाजेनं नाही म्हणतो, म्हणून त्याला बाजूला घेऊन विचारा. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं केंद्र चोवीस तास चालतं, डॉक्टर तिथं फोन करून सल्ला घेऊ शकतात.

उरलेलं

उद्यासाठी द्रावण उरवू नका, ओळी मोजून तेवढंच करा. कॅन तीनदा विसळून ते पाणी द्रावणातच घ्या, मग कॅनला भोकं पाडा, नाहीतर तो कुणाच्या तरी घरी पाण्याला किंवा रॉकेलला जातो. बादल्या आणि स्पंज पेस्टशिवाय दुसऱ्या कशाला वापरू नका. पेस्ट लावलेल्या ओळींत पुढचे तीन दिवस बांधणीचं किंवा काडी हाताळायचं काम निघालं तर मोजे घालूनच करा. वाळलेली काडी दवानं पुन्हा ओली होते, आणि सकाळच्या पाळीला तेच औषध हाताला लागतं.